आकाशातल्या मिशा

आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत जा, कुठल्याही इयत्तेतल्या मुलाच्या हाती कोरा कागद द्या आणि ‘निसर्गचित्र काढ’ म्हणून सांगा. काय येणार ते कागद पाहण्यापूर्वीच सांगता येते. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यात अर्धा वर आलेला सूर्य, सूर्याच्या बुडाशी उगम पावून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत येणारी नदी, डाव्या हाताला कौलारू घर आणि घरामागे नारळाचे झाड. मूल साताऱ्याचे असो की अकोल्याचे, नारळ असतोच. आणि वर आकाशात पाच-सात पक्षी. पक्षी म्हणजे काय, तर मध्यभागी टेकलेले दोन बाक; एखाद्या आजोबांच्या झुपकेदार मिशा चेहऱ्यावेगळ्या करून आकाशात चिकटवाव्यात तसे. या चित्रात गेल्या पन्नास वर्षांत घराच्या जागी इमारत आली, नदीवर पूल आला, क्वचित पवनचक्कीही आली. मिशा मात्र जागच्या हलल्या नाहीत.

पाच वर्षांच्या मुलाने पक्षी असा काढला तर त्यात काहीच बिघडत नाही. त्या वयात आईला दोन रेघांचे पाय आणि गोल डोके पुरते, पक्ष्याला दोन बाक पुरावेत. शिवाय ही मिशी अगदीच खोटी आहे असेही नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर कुरव पक्षी येतात. मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे ते उडत येतात तेव्हा जरा लांबून पाहावे. पंख न हलवता तरंगणाऱ्या कुरवाचा पंख अंगापासून वर चढतो, मधे वाकतो आणि टोकाकडे खाली उतरतो. मिशीच ती! म्हणजे कोणी तरी कधी तरी खरोखर आकाशाकडे पाहून हा आकार काढला असणार. पुढच्यांनी आकाशाकडे पाहिले नाही, त्याच्या कागदाकडे पाहिले. माझे भांडण आहे ते इथे.

आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना दरवर्षी मुले मोठ्या संख्येने बसतात. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिल्या असतील. पाण्याचा डबा, बोर्ड आणि पॅड घेऊन परक्या शाळेच्या बाकावर बसल्याचे आठवत असेल. त्यात ‘स्मरणचित्र’ नावाचा एक प्रकार असतो. नाव किती सुंदर आहे! आपण पाहिलेले, मनात साठवलेले, आता समोर नसलेले चित्र कागदावर आणायचे. प्रत्यक्षात काय होते? परीक्षेच्या आधी बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांतली ‘बाजार’, ‘बागेतली मुले’, ‘पावसाळ्याचा दिवस’ ही चित्रे मुले घोटून घेतात आणि परीक्षेत उतरवतात. स्मरण असते, पण ते दुसऱ्याच्या चित्राचे. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचे स्मरण त्यात कुठे आढळत नाही.

आमच्या इमारतीत सातवीत शिकणारी एक मुलगी आहे. तिच्या खिडकीसमोर, नाल्यापलीकडे, एक जुना पिंपळ आहे आणि संध्याकाळी बगळे तिथे मुक्कामाला येतात. ही मुलगी ते रोज पाहते. शाळेत ‘संध्याकाळ’ या विषयावर चित्र काढायला सांगितले तेव्हा तिने घरी परतणारे बगळे काढले. पंख जरा आखूड झाले होते, आकाशाचा रंग वाहून डोंगरात उतरला होता. पण प्रत्येक बगळ्याची मान तिने आखडून, छातीशी घडी घालून काढली होती आणि पाय शेपटीच्या मागे काठीसारखे सरळ. वही तपासून परत आली ती बगळ्यांच्या माना लाल शाईने लांब करून. शेजारी शेरा : ‘बगळ्याची मान लांब असते.’

बगळ्याची मान लांब असते, हे खरेच. पाण्यात मासा टिपायला तो उभा असतो तेव्हा ती तशी दिसते आणि पुस्तकातही तो तसाच उभा असतो. पण एकदा उडाला, दोन-चार पंख मारून स्थिर झाला, की बगळा मान मागे ओढून घेतो आणि दोन खांद्यांच्या मधे तिची घडी करून ठेवतो. गायबगळा, राखी बगळा, ढोकरी, साऱ्या कुळाची हीच रीत. करकोचे, क्रौंच आणि रोहित मात्र उडताना मान पुढे सरळ ताणतात. ठाण्याच्या खाडीवर किंवा उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहितांचा थवा उठताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल : पुढे मान, मागे पाय आणि मधोमध पंख, एखाद्या लांब काठीला पंख फुटावेत तसे ते दिसतात. लांब पायांचा पक्षी दूर आकाशात दिसला की पक्षीनिरीक्षक आधी मान पाहतात ती यासाठीच. म्हणजे शहाणेसुरते लोक ज्या खुणेवर पक्षी ओळखतात, ती खूण या मुलीने खिडकीत बसून, कोणी न सांगता, हेरली होती.

पुढच्या चित्रात तिने मान लांब काढली. गुणही वाढले. शिक्षकांना मी फार दोष देत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, आठवड्याला एक-दोन तास, आणि परीक्षा जवळ आली की तेही तास गणिताचे सर मागून घेतात. उडता बगळा निवांत बघायला त्यांना तरी कुठली सवड? पण त्या मुलीचे काय? बगळे तिच्या खिडकीसमोरून रोज जातातच आहेत, मान आखडूनच जाताहेत. तिने आता आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की वहीतल्या लाल शाईवर?

चित्रकलेच्या तासाचा उपयोग काय, असे पालक विचारतात तेव्हा ‘सौंदर्यदृष्टी’ वगैरे शब्द वापरून उत्तर दिले जाते. मला ते पटत नाही. समोर आहे ते आहे तसे पाहायचे आणि आपण पाहिले त्याला चिकटून राहायचे, एवढे जरी हा तास शिकवू शकला तरी तो गणिताच्या तासाइतकाच मोलाचा. आणि हे शिकायला उडत्या पक्ष्याइतका कडक मास्तर दुसरा नाही. फुलदाणी पुन्हा पुन्हा पाहता येते. पक्षी एकदाच जातो.

आता खुद्द पक्ष्याकडे वळू. चाळीसेक वर्षे मी पोटासाठी जाहिरातींची चित्रे काढली आणि हौसेसाठी गच्चीवर बसून पक्षी. त्यातून एक गोष्ट पक्की समजली की उडता पक्षी साधत नाही तो हात वळत नाही म्हणून नव्हे. पंख म्हणजे काय, हेच आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा उभे राहा (घरची मंडळी हसतील, हसू द्यात) आणि दोन्ही हात बाजूला पसरा. खांदा, दंड, कोपर, मनगट, पंजा. पक्ष्याच्या पंखात हीच हाडे, याच क्रमाने असतात. फरक आहे तो लांबी-रुंदीचा. दंड अंगालगत पिसांत दडलेला असतो, त्यामुळे कोपर सहसा नजरेत भरत नाही. घार डोक्यावरून जाताना पंखाच्या पुढच्या कडेला जो ठसठशीत कोन दिसतो, ते तिचे मनगट. आपण त्याला कोपर समजतो आणि तिथपर्यंतचा भाग दंडासारखा जाड, निबर काढतो. मग पक्षी उडताना दिसत नाही, व्यायाम करताना दिसतो.

पक्ष्याच्या पंजाची बोटे एकमेकांत मिसळून गेलेली असतात आणि त्या पंजाला सगळ्यांत मोठी पिसे लागलेली असतात. बहुतेक पक्ष्यांत ती दहाच्या आसपास. घारीच्या पंखाच्या टोकाला पसरलेल्या बोटांसारखी दिसतात ती हीच पिसे. मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागाला दुसऱ्या, आखूड पिसांची रांग असते. दोघींची कामे वेगळी. अंगाजवळचा भाग पक्ष्याला हवेत उचलून धरतो. टोकाकडचा भाग वल्ह्याचे काम करतो, पुढे ढकलतो. अंगठादेखील आहे बरे का! मनगटाजवळ पिसांचा एक छोटा झुपका असतो. पक्षी बसायला येताना वेग कमी करतो तेव्हा हा झुपका वर उचलला जातो, त्यामुळे मंद वेगातही पंखावरची हवा सुटत नाही. गॅलरीत पारवे येत असतील तर उतरणाऱ्या पारव्याकडे नीट पाहा. शेपूट पंख्यासारखी पसरलेली, अंग जवळजवळ उभे, पाय पुढे काढलेले.

एखादे गळून पडलेले पीसही हातात घ्या. पंखाचे पीस असेल तर त्याची दांडी बरोबर मधोमध नसते. पुढची बाजू अरुंद, मागची रुंद. हे एकदा लक्षात आले की पिसे एकमेकांवर कशी बसतात ते आपोआप कळते. पंख खाली येतो तेव्हा तो पुरता पसरलेला असतो आणि पिसे कौलांसारखी एकमेकांवर घट्ट बसलेली असतात. तो नुसता खाली येत नाही, खाली आणि पुढे येतो. वर जाताना मामला वेगळा. ओला टॉवेल झटकण्यासाठी आपण हात वर नेतो तेव्हा मनगट आधी वर जाते आणि टॉवेल मागे लोंबत राहतो, तसा पंख अर्धा मिटून, मनगट पुढे करून वर जातो आणि पिसांची टोके खाली रेंगाळतात. पंख वर जातोय की खाली येतोय हे ज्या चित्रात सांगता येत नाही, त्या चित्रातला पक्षी कितीही रंगवला तरी भिंतीवर ठोकलेला दिसतो.

हे सगळे माणसाला कळायला फार काळ लागला. इटलीत लिओनार्दो दा विंचीने १५०५च्या सुमारास पक्ष्यांच्या उड्डाणावर एक छोटी वही लिहिली, ती तुरिनच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहे. वाऱ्याच्या झोताला पक्षी पंख आणि शेपूट कशी देतो, तोल कसा सावरतो, याची त्यात टिपणे आहेत आणि समासात अंगठ्याएवढी चित्रे. त्याच्या अभ्यासातला एक लाडका पक्षी कोणता, तर घार! आपल्याकडे उकिरड्यावर घिरट्या घालते म्हणून जिच्याकडे आपण ढुंकून पाहत नाही, तिचीच युरोपातली बहीण.

आपल्याकडे जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. पिसान् पीस जिवंत करणारा चित्रकार. बादशहाने त्याला ‘नादिर-उल-असर’ हा किताब दिला होता. पण मी पाहिलेले त्याचे पक्षी बहुतेक सारे उभे आहेत, एका बाजूने दिसणारे, शांत. दरबारात आणलेला पक्षी उडणार तरी कुठे? पुढे अमेरिकेच्या ऑड्युबनने १८२७ ते १८३८ या काळात पक्ष्यांचा तो प्रचंड चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे पक्षी झेपावतात, वळतात, भांडतात. मात्र त्यासाठी तो पक्षी बंदुकीने मारी आणि तारा खुपसून हव्या त्या अवस्थेत उभा करी. १८८२ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुसरीच बंदूक बनवली. आकार बंदुकीचा, आत कॅमेरा. चाप ओढला की सेकंदाला बारा छायाचित्रे. बंदूक रोखली तरी पक्षी जिवंत राहिला, अशी ती पहिलीच असावी! पंख वर जाताना कसा मिटतो आणि खाली येताना कसा उलगडतो, हे त्या चित्रमालिकांमुळे प्रथमच टप्प्याटप्प्याने पाहता आले.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग गच्चीवर बसून मान कशाला दुखवायची? फोटो घ्यावा, त्यावरून चित्र काढावे. या प्रश्नावर माझे मत जरा हट्टी आहे. फोटो खोटे बोलत नाही, पण तो असा क्षण पकडतो जो आपल्या डोळ्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. पारवा सेकंदाला पाच-सहा वेळा, उठताना त्याहूनही अधिक वेळा पंख मारतो. आपल्या डोळ्याला त्यातले सारे दिसत नाही. पण पंख अगदी वर पोचतो किंवा अगदी खाली जातो तेव्हा दिशा बदलण्यासाठी त्याला निमिषभर थांबावे लागते, झोपाळा टोकाला पोचल्यावर थांबतो तसे. डोळा ते क्षण टिपतो, मधला प्रवास पुसट होतो. म्हणून जुन्या चित्रकारांनी कॅमेरा नसतानाही पंखांची ही टोके बरोबर हेरली. युरोपातल्या चित्रांत पंख बहुधा वर उचललेले दिसतात. जपानी चित्रांत खाली झुकलेलेही पुष्कळ सापडतात. दोन्ही उडतात. कॅमेरा मात्र सगळे क्षण सारखेच मोलाचे मानतो आणि नेमका मधला, पंख फळीसारखा आडवा झालेला क्षण हाती देतो. त्यावरून केलेले चित्र बिनचूक असते आणि मेलेले असते. फोटो जरूर पाहावा, पण आपले चित्र काढून झाल्यावर, पडताळ्यासाठी. हल्ली तर चार शब्द टाइप केले की यंत्रच पक्षी काढून देते, चकचकीत आणि पिसांनी गच्च भरलेला. कधी कधी पिसे मोजली तर निसर्गाने दिली त्याहून जास्तच भरतात.

मग काढायचे कसे? साहित्य फार नको. जुनी रफ वही आणि बॉलपेन. खोडरबर घरी ठेवा. तो हातात असला की माणूस पक्ष्याकडे न पाहता रेघेकडे पाहतो. पक्षी जाऊ द्या, त्याच्याकडे पाहा, डोळे मिटा, मिटल्या डोळ्यांत जे उरले तेवढेच काढा. शेपूट आठवत नसेल तर काढू नका. पुढच्या पक्ष्याची फक्त शेपूट पाहा. चित्र अंगठ्याएवढे असावे, एका पानावर वीस-पंचवीस. पहिली रेघ अंगाच्या कलाची : पक्षी वर चढतोय, सरळ जातोय की उतरतोय? तिच्यावर अंड्यासारखे अंग. मग दोन पंखांची टोके जोडणारी एक हलकी रेघ. चोच, डोळा, रंग, सारे शेवटी, किंवा मुळीच नाही.

सर्वांत अवघड पलीकडचा पंख. आपण दोन्ही पंख सारखे काढतो, कारण ते सारखे असतात हे आपल्याला माहीत असते. डोळ्यांना ते सारखे दिसत नाहीत. पक्षी बाजूने जाताना जवळचा पंख लांबरुंद दिसतो आणि पलीकडचा नुसती एक चीर, कधी तेवढाही नाही. हे पटत नसेल तर याच पुरवणीच्या कागदाचा (हा लेख वाचून झाल्यावर, अर्थातच) एक पक्षी घडी घालून करा, दोऱ्याने पंख्याच्या हुकाला टांगा, पंखा बंद ठेवा आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारा. प्रत्येक पावलागणिक दोन पंखांचे नाते बदलते. मुलांना हा खेळ फार आवडतो.

पक्ष्याची निवडही महत्त्वाची. चिमणी किंवा पाकोळीपासून सुरुवात करणारा हमखास कंटाळतो. संध्याकाळी परतणारे बगळे चांगले; सावकाश, एका रांगेत, पाच गेले तरी सहावा मागून येतोच. कावळाही चांगला, न घाईने न आळसाने पंख मारणारा. पारवा थोडा पुढचा धडा : उठताना पंख पाठीवर आपटून फडफड करतो आणि घसरत खाली येताना ते वर, मोकळ्या ओंजळीसारखे धरतो. साळुंकी बसलेली असताना तपकिरी दिसते आणि उडताक्षणी पंखावरचे पांढरे पट्टे उघडतात. ते पट्टे कुठे येतात एवढेच एक दिवस पाहावे. वेडा राघू चार पंख मारतो आणि मग पंख ताठ धरून तरंगतो, त्या वेळी तो कागदी विमानासारखा त्रिकोणी दिसतो.

पण पहिला पक्षी घार. गावात असो, शहरात असो, ती असतेच. सकाळी नऊ-दहाला ऊन तापू लागले की जमिनीवरची गरम हवा वर चढते आणि घारी तिच्यावर स्वार होऊन गोल फिरू लागतात. एकच घार, तोच मार्ग, पुन्हा पुन्हा. एका फेरीत फक्त मनगटाचा कोन पाहा. दुसऱ्या फेरीत टोकाची पिसे. तिसऱ्या फेरीत शेपूट. ती सुकाणूसारखी सारखी डावी-उजवी कलत असते, पंख स्थिर असतानाही. मिटलेल्या शेपटीला मधे एक उथळ खाच दिसते, आणि शेपूट पुरती पसरली की ती खाच नाहीशी होऊन कड सरळ होते. वहीच्या एकाच पानावर खाच असलेली आणि खाच नसलेली अशा दोन्ही घारी आल्या, तर त्यातली एक चुकली असे समजून खोडू नका.